कारवी सोसायटीच्या आवारात लावायची आहे. बी आत्ता पेरू का, आणि फुलणार कधी?

ढोकाळीकर

नमस्कार मंडळी,

मुरबाड तालुक्यात माझ्या मामांची थोडी डोंगरउताराची मालकी जमीन आहे. तिथे कारवी आहे, बऱ्याच वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप. गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या पावसाळ्याच्या शेवटी, ती सगळी एकदम फुलली होती. मला तेव्हा जायला जमलं नाही, फोटोच पाहिले. आता मे महिन्यात गेलो तर उतारावर नुसत्या काटक्या उभ्या होत्या आणि त्यांना वाळलेले तुरे. मामा म्हणाले, "बी आहे यात, घेऊन जा." एका कापडी पिशवीत भरून आणलेत. पिशवी सध्या बेडरूमच्या कपाटावर आहे.

आमची सोसायटी ठाण्यात ढोकाळीला, जुनी, चार मजली. मागच्या कंपाउंड भिंतीलगत लांबलचक मोकळी पट्टी आहे. खाली कधीकाळी टाकलेलं डेब्रिज आहे, त्यावर लाल मातीचा थर. सकाळी साधारण अकरापर्यंत ऊन येतं, नंतर बिल्डिंगची सावली. कमिटीने "काहीतरी लाव बाबा, नाहीतर तिथे गाड्या लागतील" असं म्हणून मोकळीक दिली आहे.

प्रश्न असे. बी आत्ता पावसाच्या तोंडावर पेरायचं की रोपं करून मग लावायची? तुऱ्यातून बी काढायचं कसं? चिमटीने सोलायला गेलो तर बोंडं दगडासारखी घट्ट. आणि मुख्य म्हणजे फुलं कधी येतील? आई म्हणते सात वर्षांनी, नेटवर आठ लिहिलंय, ऑफिसातला एक केरळचा मित्र बारा म्हणतो. आई बहात्तर वर्षांची आहे. तिचं बालपण त्याच डोंगराखाली गेलं. तिला इथे खाली उतरून फुलं बघता यावीत असं फार वाटतं, त्यामुळे वर्षांचा हिशेब मला नक्की हवा आहे.

हिरवी_गच्ची

एवढा खटाटोप कशाला? जुलैमध्ये येऊरला एक चक्कर मारा. गेल्या वर्षी तिकडेही फुलली होती, त्यामुळे यंदा रस्त्याच्या कडेलासुद्धा रोपांचा गालिचा असणार. दहा-बारा उपटून आणा, मुळाशी मातीचा गोळा ठेवा, लगेच लागतील. बी पेरून कुठे वाट बघत बसता.

उपवनकाठ

हिरवी_गच्ची, हे कृपा करून कोणी करू नका. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून रोप काय, बी काय, काहीही परवानगीशिवाय उचलणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी यंदाच्या वर्षी तर मुळीच नको. कारवी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. गेल्या वर्षी फुललेली झाडं आता मेलेली आहेत. पुढची आठ वर्षं त्या उतारांवर जी कारवी दिसणार ती सगळी यंदा उगवणाऱ्या बोटभर रोपांतूनच. पावसात तिथली माती धरून ठेवायचं कामही त्यांनीच करायचं आहे. बाकी कुठल्याही वर्षी एखादं रोप गेलं तर कळणार नाही, पण यंदा माणसांची रांग लागली तर नक्की कळेल.

आता ढोकाळीकर, तुमच्याकडे वळते. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आमचं घर उपवनच्या बाजूला, तळमजल्यावर, आणि मागे अंगणाला लागून चढ आहे. त्या चढावर मी २०१७ च्या पावसाळ्यात कारवी पेरली आणि २०२४ ला ती फुलली. बी माझ्या दिरांच्या शेताच्या बांधावरचं होतं, उद्यानातलं नव्हे. त्यामुळे जे लिहिते ते पाहिलेलं लिहिते.

आधी वर्षांचा गुंता. आपल्या इथल्या उद्यानातली कारवी २००८ ला फुलली, मग २०१६ ला, मग २०२४ ला. दोन बहरांमध्ये आठ वर्षं. नेट बरोबर आहे. पण २०१६ च्या फुलांचं बी काही २०१६ ला उगवत नाही. फुलं पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात, त्यांची बोंडं होतात, ती हिवाळा-उन्हाळा झाडावरच वाळत राहतात आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात फुटतात. म्हणजे रोप जन्मलं जून २०१७ ला. तिथून पावसाळे मोजा. २०१७ चा पहिला, २०१८ चा दुसरा, असं करत २०२४ चा आठवा. सात वर्षं पुरी झाली आणि आठव्या पावसाळ्यात झाड फुललं. आईंचंही बरोबर. बारा वर्षांची ती केरळ-तामिळनाडूकडची नीलकुरिंजी, कारवीचीच बहीण पण वेगळी जात. मुन्नारला ती २००६ ला आणि २०१८ ला फुलली, आता २०३० ला.

तुमचं बी जून २०२५ ला उगवलं तर आठवा पावसाळा येतो २०३२ चा. जुलै सरत आला की कळ्यांवर नजर ठेवायची, सप्टेंबरात बहर, काही झाडं पुढेही रेंगाळतात. एखाददुसरं चुकार झाड वर्षभर आधी किंवा मागाहून फुलतं, त्यावरून गोंधळून जाऊ नका.

एक गोष्ट मात्र जपून. प्रत्येक डोंगराचं वर्ष एकच असतं असं नाही. एका खोऱ्यातली कारवी फुलून गेलेली असते आणि पलीकडच्या डोंगरावरची अजून तीन वर्षं लांब असते. बी ज्या डोंगराचं, त्याचंच वर्ष ते पाळतं. म्हणून कोणी कुठून बी दिलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की तिकडे बहर कधी होता. तुमच्याकडे शंकेला जागा नाही. बोंडं अजून मिटलेली आहेत, म्हणजे ती २०२४ च्याच फुलांची. त्याआधीची असती तर एका पावसात कधीच फुटून रिकामी झाली असती.

बी चिमटीने सोलू नका. नखं तुटतील, बी चिरडेल. पाणी लावा, बोंड आपलं आपण उघडतं. घरी अबोली असेल तर तिचं वाळलेलं कणीस पाण्यात टाकून बघा, तडतड फुटतं. अबोली, कोरांटी, अडुळसा, कारवी ही सगळी एकाच कुळातली. मी केलं ते असं. मोठी पितळी परात घेतली, त्यात तुरे पसरले, वरून ओला हात झटकला आणि लगेच जुनं मलमलचं पातळ झाकलं. पाच-दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग आत टिकटिक सुरू झाली. बोंड फुटलं की बी परातीच्या कडेवर आपटतं, त्याचा बारीक टणत्कार ऐकू येतो, आणि मलमल जागोजागी खालून उचलली जाते. पातळ न झाकता केलंत तर बी सोफ्याखाली शोधावं लागेल. अर्ध्या तासाने बी वेचायचं. ते चपटं आणि तपकिरी असतं. तुऱ्यांवर उरलेल्या बोंडांना पुन्हा पाणी शिंपडायचं. डोंगरावर पहिल्या दमदार सरीनंतर हेच एकदम सगळ्या उतारावर होतं. मी येऊरच्या पायथ्याशी ते ऐकलंय, पाऊस थांबल्यावरही झाडीत काहीतरी तडतडत राहतं.

पेरणी थेट जमिनीत करा आणि पाऊस नीट लागल्यावर करा. मान्सूनपूर्व एका सरीवर विसंबून पेरलंत आणि मग आठ दिवस कडक ऊन पडलं तर कोंब करपतात. माती नुसती खरवडायची, बी भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही, नुसतं हाताने थापायचं. निम्मं बी मात्र राखून ठेवा आणि ट्रेमध्ये वेगळी रोपं करा, कारण तुमच्या पट्टीत काय होईल ते आज सांगता येत नाही.

पट्टीबद्दल. कारवीला उतार आवडतो, म्हणजे मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. डेब्रिजचा त्रास होईल असं समजू नका, उलट निचऱ्याला बरं. लाल मातीचा थर किती आहे ते पहारीने बघा. हातभर तरी हवा. पाणी भिंतीशी तुंबत असेल तर माती भिंतीकडे उंच आणि मोकळ्या बाजूला उतरती करा, मुरूम घाला. सावली चालेल. जंगलात ती मोठ्या झाडांखालीही वाढते.

खत नको. शेणखत मूठभर सुरुवातीला, बास.

पहिल्या पावसाळ्यातला खरा शत्रू म्हणजे त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगाई. ठाण्यात आता प्रत्येक सोसायटीत आहेत. रात्री एका फेरीत वाफा साफ करतात. मीठ टाकू नका, माती खराब होते. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जायचं, हातमोजे घालून वेचायच्या. पहिले दोन महिने हे नेमाने केलंत तर पुढे झाडं खरखरीत पानांची होतात आणि गोगलगाई फारशा वाटेला जात नाहीत. माझी रोपं पहिल्या दिवाळीला वीतभर होती. दाट उगवलेल्यांतली बरीच आपोआप मरतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

दुसरा शत्रू सोसायटीचा माळी. त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. कारवी पावसात हिरवीगार होते आणि पाऊस सरला की पानं टाकते. मार्चपासून जूनपर्यंत नुसत्या खराटासारख्या काठ्या उभ्या राहतात. बघणाऱ्याला झाड मेलंय असंच वाटतं, आणि माळी प्रामाणिकपणे ते कापून टाकतो. आमच्या शेजारच्या आवारात हेच झालं, चौथ्या वर्षी. काठीला नखाने जरा खरवडायचं, आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. उन्हाळ्यात पहिली दोन वर्षं आठवड्यातून एकदा पाणी द्या, मग तेही नको. छाटणी कधीच नको.

अजून बरंच आहे, पण आधी पेरा.

ढोकाळीकर

ताई, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तुमचा निरोप आईला वाचून दाखवला. परातीचं ऐकल्यावर ती स्वतः माळ्यावरून परात काढायला निघाली होती.

काल रात्री करून पाहिलं. दहा मिनिटांनी खरंच आवाज यायला लागला. मुलगी मलमलवर कान लावून बसली होती. वाटीभर बी मिळालंय, अजून पिशवी अर्धी आहे. पहार मारून पाहिली, लाल माती हातभरापेक्षा थोडी जास्तच आहे, खाली विटांचे तुकडे.

दोन शंका. फुलल्यावर झाड मरतं म्हणालात, मग पट्टी उजाड होणार? कमिटीला हे आत्ताच सांगावं लागेल. आणि फुलं येणार हे आधी कसं ओळखायचं?

बेलापूर_खिडकी

मीही इच्छुक. बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी राहते, जमीन नाही, तिसऱ्या मजल्यावरची टेरेस आहे. मोठ्या निळ्या ड्रमचे अर्धे कापून त्यात शेवगा आणि कढीलिंब वाढवलाय. कारवी ड्रममध्ये होईल का? आणि ऑनलाइन नीलकुरिंजीचं बी मिळतंय, पाकिटावर फुलं फार सुंदर आहेत. ते घेऊ का?

उपवनकाठ

बेलापूर_खिडकी, नीलकुरिंजीचं पाकीट घेऊ नका. ती १३०० मीटरच्या वर, थंड डोंगरमाथ्याच्या गवताळ उतारांवर वाढते. बेलापूरच्या मे महिन्यात ती काय करणार? आणि पाकिटात खरोखर तेच बी आहे हे तुम्हाला रोप मोठं झाल्यावरही कळायचं नाही, बारा वर्षं फूलच यायचं नाही.

ड्रममध्ये कारवी जगेल. पण कुंडीत किंवा ड्रममध्ये फुललेली कारवी मी कुठेही पाहिलेली नाही, त्यामुळे आठ वर्षं तुम्हाला त्या आशेवर ठेवणं मला बरं वाटत नाही. टेरेससाठी दशमुळी लावा. तीही याच कुळातली, आपल्याच सह्याद्रीतली, येऊरच्या झाडीतही दिसते. झुडूप कमरेएवढं, सावली चालते, आणि दरवर्षी थंडीत निळी-जांभळी फुलं येतात. कोमेजताना त्यांचा रंग तांबूस होतो, त्यामुळे एकाच कणसावर दोन रंग दिसतात. देशी झाडांच्या रोपवाटिकेत विचारा. दशमुळी म्हटलं की समजतात, नाही समजलं तर रानअबोली म्हणा.

ढोकाळीकर, कळ्यांचं सांगते, कारण ते बघणं मला फुलांइतकंच आवडलं होतं. सात पावसाळे झाड नुसतं पानं काढतं. आठव्या वर्षी जुलै सरता सरता पानांच्या बगलेत हिरवे टोकदार गुच्छ दिसायला लागतात. पहिल्यांदा वाटतं नवी पालवी फुटतेय. हात लावून बघा. बोटाला चिकट लागतं, आणि उग्र औषधी वास हातावर राहतो, साबणाने धुतलं तरी पटकन जात नाही. त्या खवल्यांवर बारीक लव असते, पावसाचे थेंब त्यावर अडकून राहतात. चिकटपणा लागला की समजायचं, यंदा आहे.

गेल्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते. आमच्या चढावर पहिली फुलं त्याच आठवड्यात उमलली. फूल घंटेसारखं, जांभळट निळं, बोटाच्या दोन पेरांएवढं, आणि आत डोकावलंत तर घशात केसांची दाट लव दिसते. घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, तोवर सगळा चढ जांभळा झाला होता. सकाळी आठला मागचं दार उघडलं की आधी आवाज यायचा, माश्यांचा. सातेरी आणि आग्या, दोन्ही.

हे मुद्दाम सांगते आहे. २०३२ ला तुमच्या पट्टीवर मधमाश्या येणार, खूप येणार. कोणीतरी घाबरून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावेल. आमच्या जवळच्या एका सोसायटीत तसं झालं, फवारणीनंतर सकाळी फरशीवर माश्यांचा सडा होता आणि ते बघून माझं मन फार खट्टू झालं. त्या फुलांवर चरायला येतात, संध्याकाळी निघून जातात, फुलावरची माशी सहसा कोणाला चावत नाही. पोळं बिल्डिंगवर बसलं तर गोष्ट वेगळी, ते काढण्यासाठी जाणकार माणूस बोलवावा. पण फुलांवर फवारा मारायचा नाही. हे कमिटीच्या ठरावातच लिहून घ्या, कारण आठ वर्षांनी कमिटी दुसरीच असेल.

मरण्याबद्दल. हो, बहरानंतर पट्टी वाळते, आणि तशीच ठेवायची. बोंडं धरलेल्या काठ्या पुढच्या जूनपर्यंत कापू देऊ नका. पाऊस पडला की त्या जागच्या जागी बी उडवतात आणि त्याच मातीत पुढची पिढी उगवते. माझ्या चढावर सध्या हेच आहे, वाळक्या काठ्या. या आठवड्यातल्या सरीनंतर खाली बारीक जोडपानं दिसायला लागली आहेत. आठवड्याला एकदा वाकून बघते. म्हणजे कमिटीला सांगायचं ते एवढंच, की आठ वर्षांत एक उन्हाळा जरा भकास जाईल. मध्ये मध्ये दशमुळी किंवा भूतकेस लावलं तर तोही जाणार नाही. भूतकेसाची पांढरी पानं पावसात लांबूनही उठून दिसतात.

एक मोठी अडचण मी लिहू की नको अशा विचारात होते. तीस वर्षं जुनी चार मजली इमारत म्हणजे पुनर्विकासाची चर्चा कधीही सुरू होऊ शकते. तसं असेल तर भिंतीलगतची पट्टी पहिली जाते. म्हणून म्हटलं निम्मं बी राखा. काही रोपं मामांच्या उतारावरच्या रिकाम्या जागी, काही एखाद्या शाळेच्या आवारात लावा. एकाच जागेवर आठ वर्षांचा भरवसा ठेवू नका.

टोकावडेकर

मुरबाडचं नाव वाचलं म्हणून लिहितो. मी टोकावड्याचा, नोकरीनिमित्त कळव्याला राहतो.

उपवनकाठ ताईंनी डोंगरागणिक वर्ष वेगळं म्हटलंय ते शंभर टक्के खरं. आमच्या घरासमोरचा डोंगर आणि माळशेजच्या अंगाचा डोंगर यांची गाठ पडत नाही. जुनी माणसं वर्ष सांगताना "त्या साली कारवी फुलली होती" असं सांगून पोराचं वय काढायची.

काठ्या फेकू नका. बोंडं फुटून गेल्यावर, म्हणजे जून उलटल्यावर, काढून घ्या. आमच्याकडे घराचे कुड कारवीचेच. काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या पट्ट्यांना बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायचं. भिंत पातळ पण उन्हाळ्यात आत गार. वारली चित्रं मुळात अशाच लिंपलेल्या कुडांवर काढत आले आहेत. सोसायटीत कुड कुठे घालणार, पण कारली, घेवडा, पडवळ यांच्या मांडवाला याहून चांगली काठी नाही. सरळ असते, हलकी असते.

बहराच्या वर्षी कारवीचा मध मिळतो, दाट आणि काळपट. मामांना विचारा, गेल्या वर्षीचा कोणाकडे उरला असेल तर. पण पोळं जाळून काढलेला घेऊ नका.

आणि आगीचं बघा. वाळलेली कारवी भडकन पेटते. वणव्याच्या दिवसांत आम्ही जाळपट्टा काढून ठेवतो. तुमच्या पट्टीशेजारी कोणी पालापाचोळा जाळत असेल किंवा दिवाळीत फटाके लावत असेल तर २०३३ चा उन्हाळा संपेपर्यंत तिथे सक्त मनाई ठेवा.

हिरवी_गच्ची

ताई, उद्यानाचं मला माहीत नव्हतं, लिहिलंत ते बरं केलंत. माझी वरची सूचना कोणी अमलात आणू नये. ढोकाळीकर, तुमच्याकडे बी जास्त असेल तर थोडं मला द्याल का? माजिवड्याला आमच्या शाळेच्या आवारात उतार आहे, मुख्याध्यापकांना विचारते.

ढोकाळीकर

नक्की देतो. अर्धी पिशवी तशीच आहे. टोकावडेकर, मामांना आजच फोन केला. मध संपला म्हणाले, पण काठ्यांचं ऐकून खूश झाले.

काल कमिटीची मीटिंग झाली. पुनर्विकासाचा विषय निदान चार-पाच वर्षं नाही असं सेक्रेटरी म्हणाले, त्यापुढचं कोणी बोललं नाही. ताईंच्या सांगण्याप्रमाणे ठराव लिहून घेतला. फवारणी नाही, उन्हाळ्यात छाटणी नाही, २०३३ च्या जूनपर्यंत काठ्या काढायच्या नाहीत. एका काकांनी विचारलं की आठ वर्षांनी एकदा फुलणारं झाड कशाला, जास्वंद लाव. मी उत्तर देण्याआधी आईच बोलली. ती मीटिंगला कधी येत नाही, काल आली होती. म्हणाली, लहानपणी पहिला बहर पाहिला तेव्हा मी आजीच्या खांद्यावर होते, दुसऱ्या वेळी स्वतः चढून गेले, आणि पुढच्या बहरापर्यंत माझं लग्न झालं होतं. काका म्हणाले, लावा.

एक पाटी करायची आहे. माळी बदलत राहतात, त्यांच्यासाठी. मजकूर सुचवा.

उपवनकाठ

आईंना माझा नमस्कार सांगा.

पाटी पत्र्याची करा, ऑइल पेंटने, फ्लेक्स दोन पावसांत जातो. मजकूर लहान ठेवा:

"ही कारवी आहे. उन्हाळ्यात वाळलेली दिसली तरी जिवंत आहे. कापू नये. पेरणी जून २०२५. बहर ऑगस्ट ते ऑक्टोबर २०३२."

खाली हेच हिंदीतही लिहा, बरेचसे माळी मराठी वाचत नाहीत. पाटी झाडांच्या पुढे नको, भिंतीवर उंच लावा, कारण चौथ्या-पाचव्या वर्षी झाडं पुरुषभर होतात आणि खालची पाटी झाकली जाते.

हवामान खात्याने या आठवड्यात चांगला पाऊस सांगितलाय. दोन दिवस सलग पडला की तिसऱ्या दिवशी सकाळी पेरा. आणि हिरवी_गच्ची, शाळेत लावलीत तर पहिलीतल्या मुलांच्या हातून पेरा. तीच मुलं आठवीत असताना बहर येईल.